ऊन परड्यात पडलंय, आपण आत बसलोय

दिवाळी झाली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो, हे मी गेली बरीच वर्षं बघतेय. पावसाळ्यात सर्दी-खोकला, पायाला चिखल्या, पोरांचा ताप असलं सगळं असतं, आणि कार्तिक संपून मार्गशीर्ष लागला की 'मन लागत नाही', 'उठावंसं वाटत नाही', 'काही सुचत नाही' ही पत्रं सुरू होतात. यावेळी एकाच विषयावर इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवलेत आणि हे सदर पूर्ण थंडी आणि मन यालाच दिलंय. नाव कुणाचंच छापत नाही, गाव तेवढं दिलंय.

प्रश्न : डॉक्टरबाई, माझं वय ५८. दिवाळीला मुलगा, सून, नातू पुण्याहून आले होते, लेक-जावई बेंगळूरहून, घर कसं भरलेलं होतं. भाऊबीज झाली आणि चार दिवसात सगळं रिकामं. तेव्हापासून सकाळी वाकळ सोडून उठावंसंच वाटत नाही. मिस्टर रिटायर झालेत, ते पेपर घेऊन बसतात, मी स्वयंपाक करते पण हातच चालत नाहीत बघा. संध्याकाळी सहाला अंधार पडला की छातीत कसंतरी होतं, रडू येतं. शेजारीण म्हणते तुला काय कमी आहे, सगळं चांगलं तर चाललंय. हा आजार आहे की माझं मनच असलं आहे?
(एक गृहिणी, शहापूर, बेळगाव)

उत्तर : ताई, सगळं चांगलं चाललेलं असलं तरी मन बसतं, आणि त्यात तुमची काही चूक नाही, हे पहिलं. शेजारीण वाईट मनानं बोलली नसेल, पण अशा बोलण्यानं माणूस अजून गप्प होतो, म्हणून तुम्ही पत्र लिहिलंत हे फार बरं केलंत.

थंडीत मन उतरतं यावर डॉक्टर लोकांनी बराच अभ्यास केलाय. डॉ. नॉर्मन रोझेंथल नावाचे मानसोपचार तज्ज्ञ आहेत, मूळचे दक्षिण आफ्रिकेतले, जोहान्सबर्गच्या लख्ख उन्हात वाढलेले. ते अमेरिकेत न्यूयॉर्कला गेले आणि तिथल्या हिवाळ्यात त्यांचा स्वतःचाच उत्साह गळायला लागला, वसंत आला की परत यायचा. पुढं १९८४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचं वर्णन करून त्याला सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर असं नाव दिलं. दर वर्षी ठराविक ऋतूत येणारं आणि ऋतू बदलला की जाणारं डिप्रेशन, असा त्याचा साधा अर्थ.

आता आपल्याकडचं बघू. लंडनमध्ये डिसेंबरात दिवस आठ तासांचा पण नसतो, स्टॉकहोममध्ये सहा तासांचा. बेळगावात वर्षातला सगळ्यात लहान दिवस सुद्धा अकरा तासांच्या थोडा वर असतो आणि सगळ्यात मोठा साधारण तेरा तासांचा, म्हणजे फरक दोनच तासांचा. त्यात आपल्या थंडीत आभाळ कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको, सकाळचं धुकं सरलं की दिवसभर निळंशार. म्हणजे त्या देशातल्या लोकांना ऊनच मिळत नाही, आणि आपल्याकडे ऊन भरपूर असून आपण त्याच्यापासून लांब बसतो. थंडी वाजते म्हणून दारं-खिडक्या लावून, शाल गुंडाळून, आत. माझं म्हणणं मुख्य हेच आहे, आणि खाली बाकीच्यांना पण वेगवेगळ्या शब्दात हेच सांगणार आहे.

याचं कारण डोळ्यात आहे. आपल्या डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचं मुख्य काम वस्तू बघणं हे नाहीच, बाहेर उजेड किती आहे एवढं त्या मेंदूला कळवत राहतात. त्यावरून मेंदूतलं घड्याळ लागतं, केव्हा झोप आणायची, केव्हा उठवायचं, भूक केव्हा, अंगात तरतरी केव्हा. (शरीराचं हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं, ते शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चं वैद्यकातलं नोबेल मिळालं, इतकं ते महत्त्वाचं आहे.) सकाळचा उजेड डोळ्यात गेला की रात्रीची झोप आणणारं मेलाटोनिन कमी होतं आणि घड्याळ जागेवर येतं. सकाळभर अंधारात बसलं की घड्याळ मागं पडतं आणि माणूस दुपारपर्यंत अर्धवट झोपेतच वावरतो. तुमचे हात चालत नाहीत ते कदाचित यामुळंच.

उजेड मोजायचं माप म्हणजे लक्स. ट्यूबलाईटच्या खोलीत शंभर ते तीनशे लक्स असतो, तेवढ्यात आपल्याला वाचता येतं म्हणून तो भरपूर वाटतो. बाहेर सूर्य थोडा वर आला की सावलीत सुद्धा काही हजार लक्स असतात आणि भर उन्हात लाखापर्यंत जातो. एवढा फरक आहे, पण आपल्या डोळ्याला तो तितका जाणवत नाही, डोळा सवय करून घेतो.

शहापुरातली जुनी घरं मला चांगली माहीत आहेत. रस्त्यावर दार, मग सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि शेवटी परडं, दोन्ही अंगाला शेजाऱ्याची भिंत, त्यामुळं मधल्या खोल्यांना खिडकी अशी नाहीच, भर दुपारी माजघरात लाईट लावावा लागतो. तुमचं घर तसलंच असेल तर तुम्ही उठल्यापासून दहा वाजेपर्यंत खरं ऊन बघतच नसाल. माझी आई असल्याच घरात राहिली. थंडीत ती लाकडी स्टूल घेऊन परड्यात बसायची, साडेसातला ऊन न्हाणीच्या पत्र्यावर असायचं, आठला भिंतीवरून खाली उतरून तुळशीच्या कट्ट्यावर यायचं, आणि आई स्टूल त्याच्या मागं मागं सरकवत न्यायची, मांडीवर सुपात मसूर निवडायला घेतलेली असायची. साडेनऊपर्यंत स्टूल पार धुण्याच्या दगडापाशी पोचलेलं असायचं. आम्ही हसायचो तिला. आता कळतं की तिला कुणी न सांगता किती बरोबर जमलं होतं.

तर ताई, उद्यापासून सकाळचा चहा परड्यात. मिस्टरांचा पेपर पण तिथंच न्या, त्यांना पण बरं वाटेल. कमीत कमी अर्धा तास, सूर्याकडं थेट बघायचं नाही, नुसतं उघड्यावर बसायचं. भाजी निवडणं, तांदूळ निवडणं, शेंगा सोलणं, जे काम बसून करायचं असतं ते सगळं तिथं. पंधरा दिवस नेमानं करा, चार दिवस करून सोडू नका. 'आज मन नाही, मन झालं की बसेन' असं करायचं नाही. मन बसलेलं असतं तेव्हा 'मन झालं की करीन' हे कधी होतच नाही, आधी करायचं असतं आणि मन मागून येतं. मानसोपचारात याला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात आणि डिप्रेशनवर तो खरोखरचा उपचार आहे, आमचं म्हाताऱ्यांचं सांगणं म्हणून सोडून देऊ नका.

संध्याकाळचं वेगळं. सहा ते आठ हा वेळ तुमचा अवघड जातोय, तर तो मोकळा ठेवूच नका. अंधार पडायच्या आधीच घरातले सगळे दिवे लावा, वीजबिलाचा विचार या दोन महिन्यात करू नका. नातवाला फोन करायची वेळ सहाचीच ठरवा, रोजची, म्हणजे दिवे लागताना घरात लहान पोराचा आवाज येईल. आठवड्यातून दोन-तीन दिवस भजनाला, देवळात, नाहीतर मैत्रिणीकडं, घराबाहेर. आणि मुलं गेली याचं वाईट वाटतंय तर ते वाटू द्या, एकदा मिस्टरांजवळ मोकळं बोला, तुम्हाला वाटतं त्यांना काही वाटत नाही, पण पेपरामागं तोंड घालून बसणारी बरीच माणसं आतून तेवढीच रिकामी झालेली असतात.

सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास राहिलं किंवा कशातच गोडी वाटेना झाली, झोप-भूक बिघडली, तर मात्र परड्यातल्या चहावर थांबायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं. तुमच्या वयात थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ एकदा तपासून घ्याच. थायरॉईड कमी पडलं तर थंडी जास्त वाजते, अंग जड होतं, मन उतरतं, हुबेहूब तुम्ही लिहिलंय तसं.

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांची आहे, घरूनच काम करते, कंपनी बेंगळूरची. नोव्हेंबरपासून मला नुसती झोप येते, दहा-साडेदहाला उठते, लॉगिन अकराला असतं. सारखं गोड आणि ब्रेड-बिस्कीट खावंसं वाटतं, चार किलो वजन वाढलंय. मागच्या वर्षी पण थंडीत असंच झालं होतं. इंटरनेटवर वाचलं की यासाठी एक लाईट मिळतो तो समोर ठेवून बसायचं, तो ऑनलाईन मागवू का? आणि व्हिटॅमिन डी च्या गोळ्या घेऊ का?
(निपाणी)

उत्तर : अगं, तू जे लिहिलंस ना, जास्त झोप, गोड आणि पिठूळ खायची ओढ, वजन वाढणं, दर थंडीत तेच, हे अगदी त्या सीझनल डिप्रेशनच्या वर्णनात बसणारं आहे. नेहमीच्या डिप्रेशनमध्ये बऱ्याच जणांची झोप आणि भूक उडते, यात उलटं होतं. म्हणून तू हे मनावर घे, पण घाबरू नकोस.

तो लाईट खरा असतो, फसवणूक नाही. दहा हजार लक्सचा दिवा, उठल्या उठल्या अर्धा तास समोर बाजूला ठेवून बसायचं, थंड देशात डॉक्टर सांगतात आणि गुणही येतो. पण पोरी, तू निपाणीत राहतेस, तुझ्या डोक्यावर गच्ची आहे, गच्चीवर आठ वाजता त्या दिव्याइतका नाहीतर जास्तच उजेड फुकट पडलेला असतो. ज्यांना खरंच बाहेर पडता येत नाही, आजारी आहेत, शिफ्ट तसली आहे, त्यांनी दिव्याचा विचार करावा आणि तो पण डॉक्टरला विचारून, कारण डोळ्याचे काही आजार असतील तर तो चालत नाही, आणि ज्यांना कधी कधी मन फारच चढायचा त्रास होतो, म्हणजे बायपोलर, त्यांचं त्या दिव्यानं बिघडू शकतं.

तुझी खरी अडचण मला रात्रीची दिसतेय. तू लिहिलं नाहीस, पण दहाला उठतेस म्हणजे झोपतेस एक-दोनला, आणि तोपर्यंत अंथरुणात मोबाईल. बरोबर? सूर्य सात-सव्वासातला उगवून जातो आणि तू पडदे लावून झोपलेली, पुढं अकराला लॅपटॉप, तो पण खोलीत. बघ, तू दिवसातलं पहिलं ऊन कधी बघतेस याचा विचार कर. आणखी एक सांगते, सगळ्यांना वाटतं डिसेंबर संपला की सकाळ लवकर व्हायला लागते, तसं नाही, आपल्या भागात सूर्य वर्षात सगळ्यात उशिरा उगवतो तो जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात, सातच्या पण पुढं, म्हणून जानेवारीत उठणं अजून जड जातं. तेव्हा 'संक्रांतीनंतर सुधारेन' असं ठरवू नकोस, आत्ताच कर.

झोपायची वेळ लगेच बदलत नाही, उठायची बदलता येते. दर तीन दिवसांनी वीस मिनिटं आधीचा अलार्म, असं करत साडेसातवर ये, रविवारी पण तीच वेळ. मोबाईल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला. उठल्यावर लगेच गच्ची, तोंड सुद्धा नंतर धू, आणि तिथं वीस-तीस मिनिटं भराभर चाल. बसून राहण्यापेक्षा चालणं बरं, चालण्यानं मूड सुधारतो हे स्वतंत्रपणे सिद्ध झालेलं आहे आणि इथं उजेड आणि चालणं दोन्ही एकदम मिळतं. गोडाचं म्हणशील तर मनाशी मारामारी नको, सकाळी पोटभर खा, भाकरी, अंडं, उसळ, काहीतरी प्रथिनं असलेलं, मग चारला बिस्किटाच्या पुड्याकडं हात कमी जाईल.

व्हिटॅमिन डी आणि हे उन्हात बसणं, लोक दोन्ही एक समजतात, ते वेगळं आहे. मनाच्या घड्याळासाठी सकाळचा उजेड डोळ्यातून लागतो, कोवळा असला तरी चालतो. डी व्हिटॅमिन कातडीत तयार होतं आणि त्याला लागणारे किरण कोवळ्या उन्हात फार नसतात, साधारण दहा ते तीनच्या उन्हात असतात, आणि काचेतून तर ते येतच नाहीत, त्यामुळं खिडकी बंद ठेवून उन्हात बसलीस तर डी मिळणार नाही. गोळ्या मनानं घेऊ नकोस, आधी रक्त तपास, कमी असेल तर डॉक्टर डोस सांगतील. हे सगळं महिनाभर करून फरक पडला नाही आणि दोन वर्षं ओळीनं हे होतंय, तर एकदा मानसोपचार तज्ज्ञाला भेटच.

प्रश्न : मॅडम, आम्ही जांबोटी भागात शेती करतो. भात कापून, मळणी होऊन सुगी संपली की आमच्या मालकांना काम राहत नाही. मग संध्याकाळी शेकोटीला चौघं जमतात आणि 'थंडी मारायला' म्हणून घेणं सुरू होतं. आधी आठवड्यातून एकदा होतं, आता रोज. चिडचिड वाढलीय, सकाळी उठत नाहीत. मी बोलले की म्हणतात थंडीला औषध म्हणून घेतो.
(खानापूर तालुका)

उत्तर : वहिनी, दारूनं थंडी जात नाही. ती पोटात गेली की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या सैल होतात, तिथं गरम रक्त येतं म्हणून ऊब वाटते, आणि त्याच वाटेनं अंगातली उष्णता बाहेर निघून जाते. म्हणजे माणूस खरा गारठतो आणि त्याला समजत नाही. हे मालकांना सांगा, भांडण म्हणून नको, सकाळी शुद्धीत असताना सांगा. दुसरं म्हणजे दारू दोन तास मन हलकं करते आणि नंतर आधीपेक्षा खाली नेते, झोप लागते पण मध्यरात्रीनंतर मोडते, म्हणून सकाळी चिडचिड. 'मन बरं नाही म्हणून पितो' आणि 'पितो म्हणून मन बरं नाही' हे एकदा फिरायला लागलं की माणूस त्यात अडकतो.

शेकोटी बंद करू नका, शेकोटी चांगली आहे, चार माणसं बसतात, बोलतात, तेवढंच त्यांना आहे. शेकोटीवर चहा ठेवा, रताळी भाजायला द्या, तुम्ही आणि शेजारच्या बायका पण जाऊन बसा, बायका-पोरं बसली की बाटली आपोआप लांब राहते असा माझा तरी अनुभव आहे. आणि सकाळचं काम शोधून द्या. सुगीच्या दिवसात हाच माणूस पहाटे उठून शिवारात असतो, उन्हात असतो, घाम गाळतो, आणि सुगी संपली की ऊन, काम आणि सोबतीची माणसं तिन्ही एकदम सुटतात. गडी रिकामा झाला की खचतो, यात त्यांचा आळस नाही. ज्यांना पाणी आहे त्यांनी चार वाफे भाजीचे, नसेल तर बांध, कुंपण, गुरांचं, काहीही, पण सकाळी सातच्या आत-बाहेर घरातून निघायचं काम पाहिजे.

एक मात्र लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केलं तर काहींना हात थरथरणं, घाम, भास, फिट असलं होऊ शकतं आणि ते जीवावर बेतू शकतं. तसं पिणं असेल तर डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडवायचं.

प्रश्न : माझं उलटंच आहे. थंडीत मला छान वाटतं पण आषाढ-श्रावणात जीव नको होतो. मी वेगळा आहे का?
(कणकुंबी)

उत्तर : अजिबात नाही! कणकुंबीला पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तुमचा खरा अंधाराचा ऋतू तोच. वर पहिल्या उत्तरात जे लिहिलंय ते तुम्ही जून लागताच सुरू करा, पावसाची उघडीप मिळेल तेव्हा लगेच बाहेर या, ढगाळ दिवशी सुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या दिव्याच्या कितीतरी पट असतो. आणि थंडीत छान वाटतंय तर या दिवसात भरपूर फिरून घ्या.

प्रश्न : ताई तुम्ही मागच्या अंकात लिहिलं होतं सकाळी फिरायला जा, उन्हात बसा. मी बिडी वळते. पहाटे उठून स्वयंपाक, पोरांची शाळा, मग सूप घेऊन बसायचं ते अंधार पडेपर्यंत. फिरायला जायला आम्हाला वेळ कुठला? मन आम्हाला पण आहे.
(निपाणी)

उत्तर : अक्का, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी बराच वेळ पत्र हातात धरून बसले. तुम्ही बरोबर बोललात. आम्ही डॉक्टर लोक सल्ला देतो तो ज्यांना सकाळी तासभर मोकळा मिळतो त्यांच्यासाठी देतो, आणि मागच्या अंकात माझ्याकडून तसंच झालं.

वेळ काढा असं मी सांगणार नाही, जागा बदला. भिजवलेली पानं कातरायला घेता ना, ते काम आतल्या खोलीत न करता दारात, कट्ट्यावर, उन्हाच्या बाजूला करा. वळताना जर्दा वाऱ्यानं उडतो म्हणून तुम्ही आत बसता हे मला माहीत आहे, तर निदान पानं कातरायचा पहिला तास बाहेर. तो पण सकाळचाच. गल्लीतल्या तिघी-चौघी एकत्र बसा, हात चालू राहतील आणि बोलणं पण होईल. एकटीनं भिंतीकडं तोंड करून दिवसभर तेच काम करणं हे मनाला फार जड जातं, उजेड नसण्याइतकंच. दर तासाला उठून दहा पावलं टाका, मान वळवा, पाठ मागं ताणा. जर्द्याची धूळ आत कमी जावी म्हणून तोंडाला फडकं बांधा, आणि मिश्री लावत असाल तर ती कमी करत करत सोडा. थंडीत हिच्यानंच तरतरी येते असं बायका सांगतात, खरं तर तंबाखूची तलफ भागते म्हणून बरं वाटतं, आणि थोड्या वेळानं परत जीव कासावीस होतो.

दमणं आणि मन खचणं यातला फरक पण ओळखा. दमलेलं माणूस झोपून उठलं की थोडं तरी हलकं होतं. झोपूनही हलकं वाटत नसेल, पोराच्या हसण्यानं पण काही वाटत नसेल, तर सरकारी दवाखान्यात जा. तालुक्याच्या दवाखान्यात मानसोपचाराचे डॉक्टर ठराविक मंगळवारी येतात, मनोचैतन्य नावाची कर्नाटक सरकारची योजना आहे, तुमच्याकडं कुठला मंगळवार आहे ते आशाताईंना विचारा. रोजगार बुडतो, मला कळतंय, पण एक दिवस जा.

प्रश्न : थंडीत काय खाल्लं की मन प्रसन्न राहतं? तीळ, गूळ, बाजरी याचा उपयोग होतो का?
(अनगोळ)

उत्तर : एखाद्या पदार्थानं उदासी जाते असं नाही. पण भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मसुराची आमटी, गाजर, वाटाणा हे थंडीतलं आपलं खाणं चांगलंच आहे, खा. वेळेवर खा आणि होईल तेव्हा चार माणसात बसून खा. चहा-कॉफी दुपारी चारनंतर कमी करा, झोप सुधारेल.

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत, दोन वर्षांपूर्वी आई गेली. यंदा थंडी सुरू झाल्यापासून फार गप्प झालेत. आधी रोज व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात फिरायला जायचे, मित्र होते, ते बंद केलं. जेवण अर्धं झालंय. परवा म्हणाले 'आता पुरे झालं, उगीच तुमच्यावर भार.' डॉक्टरकडं न्यावं असं मला वाटतं पण काका म्हणतात लोक काय म्हणतील, म्हाताऱ्याला काय धारवाडला न्यायचंय काय. थंडी गेली की ठीक होतील का?
(टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : दादा, थंडी जायची वाट बघू नका. हा प्रश्न शेवटी घेतलाय पण मला सगळ्यात महत्त्वाचा हाच वाटतो.

फिरणं बंद, मित्र बंद, जेवण अर्धं, आणि 'पुरे झालं, भार झालोय' हे शब्द. या वयात डिप्रेशन बऱ्याचदा रडण्यातून दिसत नाही, असंच गप्प होण्यातून दिसतं, आणि घरचे म्हणतात वय झालं, बायको गेली, थंडी आहे, असं होणारच. त्यांना नुसतं 'फिरायला जा, बरं वाटेल' म्हणून भागणार नाही. वर मी सगळ्यांना ऊन, चालणं, माणसं हे सांगितलं, ते मन थोडं उतरलं असेल त्यांच्यासाठी. तुमच्या वडिलांना ते सोबत म्हणून लागेलच, पण आधी डॉक्टर.

धारवाडचं म्हणाल तर आपल्या भागात 'धारवाडला न्या' ही शिवी होऊन बसलीय, किती घरात मी ऐकलीय. तिथं मानसिक आजारांचं जुनं आणि मोठं सरकारी हॉस्पिटल आहे, शेकडो माणसं तिथनं बरी होऊन घरी येतात, त्यात लाज कसली? आणि तुम्हाला तर धारवाडला जायची पण गरज नाही, बेळगावात सरकारी जिल्हा हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे, खासगी डॉक्टर आहेत. काकांना सांगा की शुगर-बीपीला जसं दाखवतो तसंच हे आहे. थायरॉईड, बी-१२, सोडियम, चालू असलेल्या गोळ्या, सगळं तपासतील. गोळ्या दिल्या तर गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात, तेवढ्यात 'काही फरक नाही' म्हणून बंद करू नका, आणि बरं वाटल्यावर पण मनानं बंद करू नका.

भाषेचं एक सांगते. सरकारी दवाखान्यात केसपेपर कन्नडमध्ये असतो, डॉक्टर कधी कन्नड बोलणारे असतात. पोट दुखतंय हे कुठल्याही भाषेत सांगता येतं, मनातलं तसं सांगता येत नाही, ते आपल्याच भाषेत येतं. म्हणून तुम्ही सोबत जा, वडिलांना मराठीतच बोलू द्या आणि गरज पडली तर मधे तुम्ही सांगा, पण त्यांचं वाक्य त्यांच्याच शब्दात सांगा, 'थोडं टेन्शन आहे' असं गुळगुळीत करून सांगू नका.

आणि आज रात्रीच त्यांच्याजवळ बसा. टीव्ही बंद करून, शेजारी बसून सरळ विचारा, बाबा, तुम्हाला जगणं नकोसं वाटतंय का, जीव द्यायचे विचार येतात का. असं विचारल्यानं ते विचार डोक्यात घातले जातात अशी भीती सगळ्यांना असते, तसं होत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. हो म्हणाले तर रागावू नका, देवाची शपथ घालू नका, ऐकून घ्या, त्यांना एकटं ठेवू नका, घरातल्या झोपेच्या गोळ्या, शेताचं औषध, असलं काही असेल ते बाहेर काढा आणि दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरकडं न्या. टेलि-मानस नावाची सरकारी हेल्पलाईन २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट. मराठीतून बोलायचंय असं सांगा. वडील बोलायला तयार नसतील तर तुम्ही स्वतः फोन करून काय करायचं ते विचारू शकता.

डॉक्टरकडं जाऊन आलात की सकाळी आठला त्यांच्याबरोबर व्हॅक्सिन डेपोपर्यंत तुम्ही जा. 'जा' म्हणू नका, चपला घालून दारात उभं राहा आणि 'चला बाबा' म्हणा. पहिले काही दिवस गेटापर्यंत जाऊन परत आले तरी चालेल. त्यांच्या जुन्या मित्रांपैकी एकाला आधी फोन करून ठेवा की आम्ही येतोय, बाकावर जागा धरा. आणि काय झालं ते मला कळवा, मी वाट बघतेय.